कुत्र्याला क्रेटमधून गादीवर आणताना

क्रेट म्हणजे कुत्र्याला झोपवायचा, घडी होणारा तारेचा पिंजरा. तो दोन कामं करतो. कुत्र्याला झोपायची ठरलेली जागा देतो आणि रात्रभर दार बंद ठेवतो. गादी यांतलं पहिलंच काम करते. एका रात्री क्रेट घडी करून माळ्यावर टाकला आणि हॉलमध्ये नवीकोरी गादी पसरली, की कुत्र्याची ओळखीची जागा जाते आणि दारही जातं. मग पहाटे तीनला फरशीवर नखांची टकटक, चपलेचा चोथा आणि सोफ्याच्या पायाशी डबकं. म्हणून हे दोन बदल वेगळे करायचे. आधी जागा बदलायची, दार तसंच ठेवायचं. जागा अंगवळणी पडली की दार लांब न्यायचं: क्रेटच्या दाराच्या जागी बेडरूमचं दार, आणि ते जमलं की बेडरूमच्या दाराच्या जागी घराचं. घाई केली नाही तर या सगळ्याला तीन ते पाच आठवडे लागतात.

कधी सुरू करावं

पिल्लाचे दुधाचे दात पडून ४२ पक्के दात यायला सहा-सात महिने लागतात. त्यानंतरही वर्ष-दीड वर्षापर्यंत चावण्याची लाट येत-जात राहते, लॅब्रॅडॉर आणि बीगलमध्ये तर जास्तच. सहा महिन्यांच्या पिल्लाला रात्रभर मोकळं सोडणं म्हणजे चार्जरच्या वायरी त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवणं. वयापेक्षा दोन गोष्टी बघा. गेल्या सहा आठवड्यांत घरात एकदाही शू-शी झाली नाही ना? आणि दिवसा एका खोलीत दोन-तीन तास एकटा ठेवला तर त्या खोलीतल्या वस्तू शाबूत राहतात ना? दुसरी परीक्षा जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून घ्या, नाहीतर नुसता अंदाज होतो. रेकॉर्डिंगमध्ये कुत्रा सतत दाराशी फेऱ्या मारतोय, लाळ गाळतोय, रडतोय असं दिसलं तर प्रश्न झोपेच्या जागेचा नाही, एकटेपणाच्या भीतीचा आहे. तो आधी डॉक्टर किंवा चांगल्या ट्रेनरकडून सोडवून घ्या.

ऋतूही बघायचा. एप्रिल-मेमध्ये ठाण्यात काय किंवा नेरुळ-खारघरला काय, कुठलाही कुत्रा गादी सोडून बाथरूमच्या उंबऱ्यावर पोट टेकून झोपणार. त्याला गादी आवडली नाही असं घरच्यांना वाटतं, पण त्याला फक्त उकडत असतं. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोपा काळ. फरशी गार लागते, गादी आपोआप हवीशी वाटते. दहीहंडी, विसर्जनाचे दिवस आणि दिवाळी पूर्णपणे टाळा. ढोल-ताशा आणि सुतळी बॉम्बच्या आवाजात कुत्र्याला चारी बाजूंनी बंद जागा हवी असते आणि नेमकी तीच आपण काढून घेत असतो. घर बदलणं, बाळ येणं, नसबंदीचं ऑपरेशन, यांच्याही तीन-चार आठवडे अलीकडे-पलीकडे नको.

गादी

सगळ्यात सोयीची युक्ती म्हणजे गादी क्रेटच्या ट्रेच्या मापाची शिवून घेणं. ४२ इंची क्रेटचा ट्रे साधारण १०५ × ७० सेंमी असतो. तेवढीच गादी आधी क्रेटच्या आत राहते आणि पुढे तीच बाहेर येते. वास तोच, पोत तोच, फक्त भोवतालच्या जाळ्या नाहीशा होतात. दुकानातली गोल, केसाळ, काठवाली गादी दिसायला छान असते, पण ती क्रेटमध्ये बसत नाही आणि तिचे केस पावसाळ्यात वाळत नाहीत. क्रेट नसलेल्या कुत्र्यासाठी माप घ्यायचं झालं तर तो आडवा पसरलेला असताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा आणि त्यात १५ ते २० सेंमी मिळवा.

आत काय भरायचं? कापूस नको. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत कापूस ओल धरतो, गाठी होतात आणि कुबट वास सुटतो. फोम घ्या. १२-१५ किलोच्या आतल्या कुत्र्याला ३२ डेन्सिटीचा (म्हणजे घनमीटरला ३२ किलो घनतेचा) ७-८ सेंमी जाड फोम पुरतो, २५ किलोपर्यंत ४० डेन्सिटीचा १० सेंमी. त्याहून जड कुत्र्याला खाली ५ सेंमी रीबॉन्डेड (फोमचे तुकडे दाबून केलेला कडक फोम) आणि वर ५ सेंमी मऊ फोम असा दोन थरांचा करून घ्या. गादीवाला समोर कापून देतो. तपासायची पद्धत सोपी आहे: फोमवर गुडघा टेकवून पूर्ण भार द्या. खालची फरशी गुडघ्याला लागली तर कुत्र्याच्या कोपरालाही लागणार. कोपरांवर घट्टे पडलेले लॅब आणि रॉटवायलर याच कारणाने दिसतात.

फोमला आधी पाणी न शिरणारी खोळ, तिच्यावर कॅनव्हास किंवा जाड डेनिमचं कव्हर. कव्हरं दोन शिवा. एक धुवायला गेलं की दुसरं चढतं आणि पावसाळ्यात तीन दिवस कव्हर वाळलं नाही तरी कुत्रा उघड्या फोमवर झोपत नाही. चेन गादीच्या खालच्या बाजूला आणि पट्टीखाली झाकलेली हवी, कारण उघडी चेन हे कुत्र्यासाठी चावायचं आमंत्रण आहे. व्हिट्रिफाइड टाइल्सवर गादी सरकते. कुत्रा उडी मारून बसला आणि गादी खालून निसटली की दोन दिवस तो तिच्याकडे फिरकत नाही. गालिच्याखाली घालतात ती रबरी जाळी खाली घाला.

पग आणि शिह त्झू यांना हनुवटी टेकायला काठ लागतो. नाक चपटं असल्यामुळे मान उंच ठेवून त्यांना श्वास सोपा जातो, म्हणून एका बाजूला उशीसारखा लोड शिवून घ्या. देशी कुत्र्यांना बऱ्याचदा फार मऊ आवडत नाही. जमिनीपासून १५-२० सेंमी उंच, ताणलेल्या जाळीचा खाटेसारखा पलंग त्यांना मानवतो आणि खालून वारा खेळत असल्यामुळे आपल्या हवेलाही तो चांगला. अजून चावणाऱ्या कुत्र्याला फोम देऊच नका. गोधडीही नको, कारण तिचे लांब दोरे पोटात जाऊन आतड्यात अडकतात.

खोली

क्रेटचं दार जातं तेव्हा खोलीच मोठा क्रेट होते, म्हणून खोली तशी करावी लागते. गुडघ्यांवर बसून कुत्र्याच्या उंचीवरून एकदा सगळं बघा. मोबाईलचे चार्जर, खालच्या प्लगमध्ये लावलेलं डासांचं लिक्विड मशीन, कोपऱ्यातली कॉइल, पलंगाखालचा झुरळांचा खडू, उंदरांचं औषध, उशाशी ठेवलेल्या गोळ्यांची पाकिटं, कचऱ्याची बादली. हे सगळं मीटरभर वर किंवा दाराबाहेर. चॉकलेट, मनुका, द्राक्षं टेबलावर राहू देऊ नका. थोड्या मनुकांनीही कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते आणि प्रसादाच्या वाटीत त्या असतातच.

बाल्कनीचं दार रात्री बंद. सरकत्या खिडकीत फट ठेवायची असेल तर ग्रिलच्या सळ्यांमधलं अंतर मोजा. ज्या फटीतून कुत्र्याचं डोकं जातं तिथून लहान कुत्रा सगळाच जातो. येऊरच्या पायथ्याशी किंवा घोडबंदर रोडला डोंगराकडच्या बाजूला तळमजल्यावर राहणाऱ्यांनी ‘आता मोठा झालाय, अंगणात झोपेल’ हा विचारही करू नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्री असतात आणि ते बहुधा रात्री वस्तीकडे येतात.

पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि कडी नीट बसत नाही. कुत्रा नाकाने ढकलून ते उघडतो आणि आपण समजतो रात्री कुणीतरी विसरलं. कडी बसते का ते आधी बघून घ्या.

गादी कुठे? भिंतीला टेकून, कोपऱ्यात, कुत्र्याला पडल्यापडल्या खोलीचं दार दिसेल अशी. मुख्य दाराजवळ नको. लिफ्टचा आवाज, शेजाऱ्यांच्या चपला, पहाटेचा पेपरवाला, प्रत्येक वेळी तो भुंकणार. घोडबंदर रोडवर रात्रभर ट्रक चालतात, तिथे रस्त्याकडची भिंत टाळा. एसीच्या थेट झोताखाली नको, पंख्याचा वारा लागेल इतपत. आणि पहिल्यांदा गादी तिथेच, जिथे आजवर क्रेट होता.

क्रेट हॉलमध्ये असेल आणि माणसं आत झोपत असतील तर एक अडचण येते: नव्या फ्लॅटमध्ये हॉल आणि किचन एकच, मध्ये दारच नाही. अशा घरात आधी क्रेटसकट कुत्र्याला बेडरूममध्ये आणा, किंवा हॉलच्या कोपऱ्याला प्लेपेन (जाळीचं सुटं कुंपण) लावून घ्या. मोठ्या कुत्र्यासाठी त्याची उंची ९० सेंमी तरी हवी. गळ्यात साखळी घालून रात्रभर गादीजवळ बांधून ठेवणं हा उपाय नाही. झोपेत साखळी पायात अडकते आणि घाबरलेला कुत्रा ओढाओढ करून गळा आवळून घेतो.

दिवसाचं काम

रात्रीचं यश दिवसा ठरतं. उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे १५-२० तुकडे करा, तेवढं जेवणातून कमी करा. गादीवर एक तुकडा टाका. चारही पाय गादीवर आले की दुसरा तुकडा पायांमध्ये ठेवा. ‘चल’ म्हणून खाली बोलवा आणि पुन्हा. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, एवढंच. दोन-तीन दिवसांत तो स्वतःहून गादीकडे बघायला लागेल. मग तो जायच्या आधी शब्द म्हणा: ‘गादीवर’. शब्द कुठलाही चालेल, पण सगळ्या घराचा एकच हवा. आजी ‘जा तिकडे’ म्हणते, बाबा ‘जागेवर’, मुलगी ‘बेड’, आणि कुत्रा तिघांकडे आळीपाळीने बघत बसतो.

पुढे त्याने आडवं व्हावं आणि वेळ वाढावी. ५ सेकंद, १५, ३०, मग मिनिट, मग पाच मिनिटं. मध्येच उठला तर ओरडू नका, मागच्या टप्प्यावर या. पाच मिनिटं जमली की गादीवर चाटायचं काम द्या: पोकळ रबरी खेळण्यात बिनमिठाचा दही-भात भरून फ्रीजरमध्ये गोठवला की २०-२५ मिनिटं जातात. फिरून आल्यावर, जेवल्यावर, जेव्हा तसाही डोळा लागायचा असतो तेव्हा हे करा. दुपारची झोप सलग चार-पाच दिवस गादीवर झाली की रात्रीला हात घालायचा.

गादीवर असताना त्याला नखं कापायला, कानात औषध घालायला किंवा आंघोळीला ओढून नेऊ नका. हे एकदा झालं तरी तो विसरत नाही. ‘गादीवर जा!’ हे रागावून म्हणणंही बंद.

रात्र

शेवटचं जेवण झोपायच्या तीन-चार तास आधी. पाणी बंद करू नका, आपल्या हवेत ते बरोबर नाही. दहा-साडेदहाला १५-२० मिनिटांची फेरी, त्यात पळवण्यापेक्षा हुंगू द्या. हुंगून कुत्रा शांत होतो, चेंडूमागे पळवला तर उलट तापतो. पावसात पाय, पोट आणि बोटांमधली जागा कोरडी पुसल्याशिवाय गादीवर घेऊ नका.

पहिले पाच-सात दिवस नवी गादी क्रेटमध्ये, दार नेहमीसारखं बंद. कुत्र्याच्या लेखी काहीच बदललेलं नाही, हेच हवं.

मग क्रेटचं दार उघडं आणि खोलीचं बंद. शक्यतो शुक्रवारी रात्री सुरू करा, कारण दोन रात्री झोपमोड होऊ शकते. उघडं दार सुतळीने मागच्या जाळीला घट्ट बांधा. रात्री दार हलून खणकन वाजलं की कुत्रा दचकतो. काही कुत्री पहिल्या रात्री उठतच नाहीत, त्यांना दार उघडं आहे हे कळायलाच दोन दिवस लागतात. सलग पाच रात्री तो आतच झोपला, किंवा उठला तरी परत आत गेला, की पुढे जायचं.

आता गादी क्रेटबाहेर, अगदी तोंडाशी. क्रेट रिकामा, दार उघडं. त्याच्या जुन्या चादरीचा तुकडा आता गादीवर टाका, आत नको. कुत्रा पुन्हा रिकाम्या ट्रेवर जाऊन झोपला तर झोपू द्या. उठवून बाहेर काढलंत तर त्याला एवढंच कळेल की रात्री आपल्याला त्रास देतात. बहुतेक कुत्री तीन-चार रात्रींत मऊ बाजू निवडतात. आठवडा झाला की दिवसा, तो फिरायला गेलेला असताना, क्रेट घडी करून भिंतीला लावा, पण त्याच खोलीत.

रात्री उठला तर काय? आधी अर्धा मिनिट अंधारात गप्प पडून ऐका. घुटमळून, गोल फिरून, गादी खरवडून परत झोपणं हे सगळं ठीक आहे. दाराशी जाऊन कुंई-कुंई केली तर पट्टा लावा, खाली न्या, पाच मिनिटं, बोलणं नाही, खेळणं नाही, परत आणा. नुसताच भटकत असेल तर एकदाच हळू आवाजात ‘गादीवर’ आणि हाताने वाट दाखवा. पहाटे तीनला खाऊ नाही. दोन रात्री खाऊ मिळाला की तिसऱ्या रात्री तो खाऊसाठी उठवतो. इथे घरातली थोरली मंडळी हमखास फितूर होतात. बिचारा जागा आहे म्हणून ग्लुकोजचं एक बिस्किट दिलं जातं आणि आठवडाभराचं काम पाण्यात जातं. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. ‘आता पिंजरा काढतोय’ हे सांगितलं की त्या आनंदात ते एवढं ऐकतात. खालच्या मजल्यावरच्यांनाही सांगून ठेवलेलं बरं, नखांचा आवाज त्यांच्या डोक्यावर वाजत असतो. नखं आधीच कापून घ्या.

खोलीत सलग दोन आठवडे शांत गेले, तरच खोलीचं दार उघडं ठेवा, तेही किचन आणि मुख्य दाराकडचा भाग अडवून. गादी हॉलमध्ये न्यायची असेल तर रोज ४०-५० सेंमी सरकवा. दाराच्या चौकटीपाशी दोन-तीन रात्री थांबा, कारण तुम्ही दिसेनासे होता ते तिथे.

गादी स्वतःची की आपल्या पलंगावर, हे पहिल्या दिवसाआधी घरात ठरलं पाहिजे. आपल्या पलंगावर घेण्यात काही पाप नाही, पण मंगळवारी हो आणि बुधवारी नाही असं चालत नाही. डॅशहंड आणि पगला ५० सेंमी उंचीवरून रोज उड्या मारू देऊ नका, मणक्याच्या चकतीवर ताण येतो. पायरी लावा.

बिघडतं ते

गादीवरच शू केली. पहिली शक्यता लघवीचा संसर्ग. गेलं वर्षभर कोरडा असलेला कुत्रा अचानक ओलं करू लागला तर आधी लघवी तपासा. दुसरी शक्यता, मऊ वस्तू शोषून घेते म्हणून त्याला ती सोयीची वाटते. अशा कुत्र्याला आठवडाभर पातळ सतरंजी देऊन पुन्हा सुरू करा. फिनाइलने पुसू नका. ते पायाला लागतं, कुत्रा पाय चाटतो, आणि शूचा वास त्याच्या नाकाला तसाही येतच राहतो. एन्झाइमचा क्लीनर वापरा, नाहीतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान. मात्र शहाबादी, कोटा किंवा संगमरवरावर व्हिनेगर नको, दगडाची चमक खरवडल्यासारखी जाते. टाइल्समधल्या सिमेंटच्या रेषा नीट घासा, वास तिथे मुरतो.

गादी फाडली. फोमचे तुकडे गोळा करून जागेवर जुळवून बघा, किती कमी पडतात ते. कमी असतील, आणि उलट्या, खाणं बंद, शी न होणं यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, डॉक्टरकडे न्या. नंतर महिनाभर क्रेटवर परत.

सोफ्यावर जाऊन झोपतो. सोफा उंच, मऊ आणि तुमच्या वासाचा. रात्री सोफ्यावर दोन खुर्च्या आडव्या टाका आणि तुमचा वापरलेला टी-शर्ट गादीच्या कव्हरमध्ये घाला. पंधरा दिवस खुर्च्या ठेवायला लागतात, चार दिवसांत काढल्या की पुन्हा तेच.

पहाटे पाचला उठवतो. कबुतरं, दूधवाला, देवघरातली घंटा, कुकरची शिटी, पहिला प्रकाश. जाड पडदा लावा आणि उठणं आणि खाणं यांच्यात २०-३० मिनिटांचं अंतर ठेवा. उठल्या उठल्या वाटी भरत असाल तर तो तुमचा गजर रोज थोडा अलीकडे ओढत राहणार.

गोचीड हा आपल्याकडचा खास विषय. क्रेटचा प्लास्टिक ट्रे पुसला की संपलं. गादीला शिवणी असतात, आणि घरात वाढणारी तपकिरी गोचीड नेमकी शिवणींत, भिंतीच्या भेगांत आणि स्कर्टिंगच्या फटींत अंडी घालते. टिक फिव्हर तिच्यातूनच येतो. कव्हर दर आठवड्याला ६० अंशाच्या पाण्यात धुवा, शिवणींवरून व्हॅक्यूम फिरवा आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा थेंब तारीख न चुकवता द्या. गादी रोज सकाळी भिंतीला उभी करा म्हणजे खालची बाजू वाळते. पावसाळ्यात ऊन नसलं तर पंख्याखाली.

रात्री दोन-तीनदा अडखळणं, वळताना कण्हणं, गादीवरून उठायला वेळ लागणं हे आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या कुत्र्यात सांधेदुखीचं लक्षण असू शकतं. गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी पट्टी अंथरा आणि डॉक्टरांना दाखवा.

क्रेटचं काय करायचं

विकू नका. ऑपरेशननंतर डॉक्टर विश्रांती सांगतात तेव्हा, गावी गाडीतून जाताना, घरात रंगकाम निघालं की तो लागतो. आठवड्यातून एकदा उघड्या क्रेटमध्ये जेवण दिलं तर सवय मोडत नाही. माळ्यावर ठेवायचाच असेल तर जाळी कोरडी पुसून, जोडांना थोडं खोबरेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळा. खाडीच्या हवेत वाशी-ऐरोलीकडे गंज लवकर धरतो आणि गंजलेली तार ओठाला लागते. दिवाळीच्या आठवडाभर आधी खाली काढा, बिजागऱ्या आणि कडी तपासा, दार बांधून उघडं ठेवा, वरून तीन बाजूंनी जाड चादर सोडा. गादी उचलून आत सरकवा.